सात नवरे आणि सात जन्म

आमच्या क्षेत्रातल्या माणसाला कोडं घातलं की तो हातातला वडा खाली ठेवतो. म्हणून या शनिवारी कोड्यानेच सुरुवात. कोडं माझं नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमात ते येशूला घातलं गेलं.

सात भाऊ होते. थोरल्याचं लग्न झालं आणि मूलबाळ न होता तो वारला. मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद, अध्याय २५) असं आहे की भाऊ निपुत्रिक मेला तर दिराने त्याच्या विधवेशी लग्न करायचं आणि पहिला मुलगा मेलेल्याच्या नावावर लावायचा. त्याप्रमाणे दुसऱ्याने तिच्याशी लग्न केलं. तोही गेला. मग तिसरा, मग चौथा... असं करत करत सातही संपले. शेवटी ती बाईही वारली. आता सांगा, मेलेले सगळे उठतील त्या दिवशी ही बाई सातांपैकी कोणाची बायको?

तुम्ही कधी टेस्टिंग केलं असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. विचारणारे होते सदूकी, म्हणजे मंदिराच्या कारभारातला वरचा, खाऊनपिऊन सुखी वर्ग. मेलेले उठतात ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. त्यांना उत्तर नको होतं, सिस्टिम पाडून दाखवायची होती. नवरा हा कॉलम एक, व्हॅल्यू सात. झालं, क्रॅश.

येशूचं उत्तर मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही दिलंय. मत्तयात बघायचं तर अध्याय २२, जेमतेम दहा-अकरा ओळी. त्याचा मतितार्थ असा: तुमचं चुकतंय, कारण तुम्हाला ना शास्त्र कळलंय ना देवाचं सामर्थ्य. उठलेली माणसं लग्न करत नाहीत आणि कोणी त्यांना लग्नात देतही नाही. आणि देव जळत्या झुडपातून मोशेशी बोलला तेव्हा त्याने स्वतःची ओळख अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव अशी करून दिली होती, आणि तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे.

मला हे उत्तर फार आवडतं, आणि ते आवडायला ख्रिस्ती असावं लागत नाही. मी नाही. राजारामपुरीच्या नंबरवाल्या गल्ल्यांत वाढलो, परीक्षेच्या आदल्या दिवशी मारुतीच्या देवळात जाऊन येणं एवढाच माझा अध्यात्माचा अनुभव. पण पुनरुत्थान या विषयावर आपली सुशिक्षित मंडळी जे बोलतात ते ऐकून डोकं फिरतं. ती विश्वास ठेवत नाहीत म्हणून नाही. आपण नक्की कशावर विश्वास ठेवत नाही हेच त्यांना माहीत नसतं म्हणून.

दर ईस्टरला तेच. एक जण झोंबीचा विनोद पाठवणार. दुसरा 'येशू क्रुसावर मेलाच नाही, काश्मीरला आला, श्रीनगरात कबर आहे' हा मेसेज पाठवणार, शेवटी 'हे तुम्हाला शाळेत शिकवणार नाहीत' असं लिहून. (शाळेत शिकवत नाहीत कारण त्याला आधार नाही. येशू तरुणपणी हिंदुस्थानात, लडाखकडे येऊन गेला ही गोष्ट निकोलाय नोटोविच नावाच्या रशियन माणसाने १८९४ साली फ्रेंच पुस्तकातून बाजारात आणली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातला एक प्राध्यापक थेट हेमिसच्या मठात गेला, तर तिथल्या मुख्य लामाने असं काही नाहीच म्हणून सांगितलं. क्रुसातून वाचून काश्मीरला आला हे मत कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांचं, १८९९ सालचं. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवून आपण खातो.)

तिसरा प्रकार जास्त सभ्य आणि म्हणूनच जास्त त्रासदायक. तो म्हणतो, "अरे भावा, सगळे एकच सांगतात रे. आत्मा अमर आहे, शरीर म्हणजे कपडे." राजारामपुरीत चहा पिताना माझ्या एका जिवलग मित्राने हे वाक्य टाकलं आणि मोठेपणाने बिल पण दिलं. बिलाबद्दल आभार. पण वाक्य चूक आहे, आणि दोन्ही धर्मांवर अन्याय करणारं आहे. गीतेत आत्मा जुनं शरीर टाकून नवं घेतो, आणि शेवटी या फेऱ्यातूनच सुटायचं असतं. ख्रिस्ती श्रद्धेत शरीर हे टाकायचं कापड नाहीच. देवाने ते निर्माण केलं, ते मेलं, आणि देव तेच बदलून उठवणार. एकाला शरीरातून सुटका हवी, दुसऱ्याला शरीराची सुटका हवी. हे 'एकच' कसं?

असो. मूळ मुद्दा वेगळाच आहे. सदूक्यांचं कोडं परत वाचा आणि सांगा, त्यात त्या बाईला कोणी काही विचारलंय का?

सात तिरड्या बघितलेली बाई. एकदा विधवा, दोनदा विधवा, सात वेळा विधवा. आणि विद्वानांना प्रश्न काय पडला, तर मालकी कोणाची. 'पतीचं नाव' हे फील्ड कंपलसरी आहे असं धरूनच प्रश्न लिहिलाय. स्वर्गातसुद्धा फॉर्म पुढे सरकणार नाही.

आपण कोल्हापूरकर यावर हसू शकत नाही, कारण आपल्याकडे याच कोड्याची उलटी आवृत्ती दर ज्येष्ठ पौर्णिमेला चालते. तिथे एका जन्मात सात नवरे, इथे सात जन्मांत एकच नवरा. वडाला दोरा गुंडाळायचा आणि हाच पती सातही जन्म मिळो म्हणायचं. वर्षानुवर्षं विनोद होतात, की नवऱ्याला विचारा, हा सातवाच जन्म असू दे म्हणेल. बायकोला कोण विचारतो? आणि समजा तिने पुनर्विवाह केलेला असेल तर? दोरा कोणासाठी गुंडाळायचा, पहिल्यासाठी की दुसऱ्यासाठी? बघा, सदूक्यांचं कोडं ज्येष्ठ पौर्णिमेला आपल्या वडाखाली येऊन बसलं. कोल्हापूर संस्थानात तर ते १९१७ सालीच यायला हवं होतं, कारण त्या वर्षी शाहू महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता दिली. कायदा झाला, वडाखालचा संकल्प तोच राहिला.

(सावित्रीबद्दल एक बारीक गोष्ट. सत्यवान परत येतो तो याच आयुष्यात परत येतो. महाभारतात त्याला चारशे वर्षांचं आयुष्य मिळतं, शंभर मुलगे होतात, आणि पुढे कधीतरी तो मरणारच. बायबलात लाजारसची गोष्ट याच जातीची, तोही उठला आणि पुढे मेलाच असणार. ख्रिस्ती लोक ज्याला पुनरुत्थान म्हणतात ते हे नव्हे. मुदतवाढ आणि पुनरुत्थान यांत फरक आहे. तो पुढे येईलच.)

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड राजारामपुरीपासून गाडीने दीडेक तासावर. तिथल्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. १७ मेला राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. आपण सगळ्यांनी तेव्हा अभिमानाने शेअर केलं. पण जरा थांबून बघा, २०२२ साली हा ठराव करावा लागला याचा अर्थ काय? नवरा मेला तरी मालकी संपत नाही असा नियम चालू होता. माणूस राख झाला, पण बाईच्या कपाळावर, हातात, पायाच्या बोटांत त्याची सही आहे आणि ती खोडायची तर समारंभपूर्वक, चार बायकांनी धरून. 'ती कोणाची?' या प्रश्नाचं उत्तर हेरवाडच्या आधी दर वेळी फोडलेल्या बांगड्यांनी दिलं जात होतं.

आता येशूचं उत्तर परत वाचा. उठलेली माणसं लग्न करत नाहीत आणि त्यांना लग्नात दिलंही जात नाही. 'लग्न करणं' पुरुषाचं, 'दिलं जाणं' बाईचं. आपल्याकडे त्याला कन्यादान म्हणतात. चर्चच्या इतिहासात या वाक्यावरून संन्यास किती श्रेष्ठ यावर भरपूर पानं खर्ची पडली. मला ते वाक्य जास्त साधं वाटतं. तो त्यांना सांगतोय की ती सातांपैकी कोणाचीच नाही. तुमचा प्रश्न ज्या टेबलवर चालतो ते टेबलच तिथे नसणार. लूकच्या मजकुरात कारणही आहे: ती माणसं पुन्हा मरू शकत नाहीत. मरण नाही तर वारस नको, वारस नको तर दिराशी लग्न नको, आणि मग एक बाई हातोहात सात जणांकडे सरकवण्याचं कारणच उरत नाही. त्याने बग फिक्स केला नाही, रिक्वायरमेंटच काढून टाकली.

तुम्ही म्हणाल, हे तू एकविसाव्या शतकातलं त्यात घुसडतोयस. ठीक आहे, मग एकोणिसाव्या शतकात जाऊ.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. संस्कृतात वाद घालणारी, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली. १८८२ साली विधवा झाली, पदरी लहान मुलगी. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि इथे पुण्यात आकाश कोसळलं. आपल्याला एवढंच शिकवतात, किंवा तेवढंही नाही. पण मला जे महत्त्वाचं वाटतं ते पुढचं आहे. बाप्तिस्मा देणाऱ्यांनाही तिने सुखाने झोपू दिलं नाही. १८८५ च्या पत्रांतून ती सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या मिस बील यांच्याशी त्रैक्यावरून, येशूच्या देवत्वावरून भांडतेय. तिचं म्हणणं असं, की मला स्वतःची बुद्धी आहे, स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून निघाले ती दुसऱ्याच्या जोखडात मान घालायला नाही. शास्त्रात काय आहे ते मी बघेन.

आणि तिने बघितलं. म्हणजे अक्षरशः. हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि अख्खं बायबल मुळातून मराठीत आणलं. दीड दशकाहून जास्त काळ खपून. मराठी नवा करार काही तेव्हा नवा नव्हता, १८११ सालीच श्रीरामपूरहून (बंगालमधलं सेरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे) विल्यम केरीच्या छापखान्यातून तो निघाला होता. आमच्या कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी येऊन राहिला, त्याच्याही हातात मराठी शास्त्र होतंच. पण ती सगळी भाषांतरं मिशनच्या देखरेखीखालची, साहेब आणि त्यांचे शास्त्री यांची. रमाबाईला हवं होतं ते कमी शिकलेल्या बाईला वाचता येईल असं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच खिळे जुळवले, बायकांनीच छापलं. ५ एप्रिल १९२२ रोजी ती गेली. (६ मेला शाहू महाराज गेले. एका महिन्याच्या अंतराने महाराष्ट्राने काय काय गमावलं बघा.) संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. सात नवऱ्यांचं कोडंही त्यात आहेच, आणि ते जुळवणाऱ्या-छापणाऱ्या त्या घरात विधवा काही कमी नव्हत्या.

'शास्त्र कळलं नाही' म्हणजे काय याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सदूक्यांनी शास्त्र वाचलं नव्हतं असं नाही. मोशेचे ग्रंथ त्यांना पाठ. त्यांनी नियम बरोबर सांगितला. पण तो नियम मुळात कशासाठी होता? आधार नसलेली विधवा उघड्यावर पडू नये, मेलेल्याचं नाव पुसलं जाऊ नये, यासाठी. त्यांनी तो उचलून एका विनोदासाठी वापरला. कलम पाठ, हेतू गायब. अशी माणसं आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही असतात.

येशूनेही उत्तर त्यांच्याच मान्य ग्रंथातून दिलं, निर्गममधून. शहाणपणा बघा, ते जे मानत नाहीत तिथून दाखला दिलाच नाही. काही जण म्हणतात की त्याने व्याकरणाची चलाखी केली, 'मी देव होतो' असं न म्हणता 'मी देव आहे' असं वाक्य आहे म्हणून अब्राहाम जिवंत. पण मूळ हिब्रू वाक्यात 'आहे' हे क्रियापदच नाही. मराठीत आपण म्हणतो ना, 'मी अमक्याचा बाप', तसंच. मार्कच्या ग्रीकमध्येही ते गाळलेलं आहे. म्हणजे मुद्दा काळाचा नाही, नात्याचा आहे. अब्राहामाला मरून शतकं लोटल्यावरही देव स्वतःची ओळख त्याच्या नावाने करून देतो. ज्या माणसाला त्याने शब्द दिला त्याला मातीत सोडून देऊन त्याच्याच नावाने मिरवणारा देव, हा कसला देव? एवढाच युक्तिवाद आहे. पटो न पटो, फालतू नाही.

राहिलं सामर्थ्य. इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचंय. आपले बुद्धिवादी मित्र विचारतात, वाघाने खाल्लेल्या माणसाचे अणू परत कसे गोळा करणार? आणि दुसरीकडे काही प्रार्थनासभांत 'देवाचं सामर्थ्य' म्हणजे गुडघेदुखी जाणं, व्हिसा मिळणं. दोघांनाही देव म्हणजे थोडा मोठा माणूस वाटतो. एकाचा देव बॅकअप रिस्टोअर करणारा अ‍ॅडमिन, दुसऱ्याचा देव सर्व्हिस सेंटर. पौलाने करिंथकरांना (साधारण इसवी सन ५३ ते ५५) लिहिलं त्यात अणूंच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते शेतकऱ्याचं आहे: दाणा पेरता, आणि उगवतं ते दाण्यासारखं दिसत नाही. तेच असतं, पण तसंच नसतं. शुभवर्तमानांतही बघा, उठलेला येशू मासा खातो, जखमा दाखवतो, आणि तरी ओळखीची माणसं मैलोन्‌मैल बरोबर चालून त्याला ओळखत नाहीत. भूत नाही, उठून बसलेलं प्रेतही नाही, सत्यवान तर नाहीच. मुदतवाढ नाही म्हटलं ते हे.

पण सामर्थ्याचा खरा प्रश्न 'कसं' हा नाहीच. 'कोणासाठी' हा आहे. ही कल्पना यहूदी लोकांत ठसठशीत झाली ती इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात, अंतियोखस राजाच्या छळात. दानीएलाच्या पुस्तकाचा शेवट त्याच काळातला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (कॅथलिक बायबलात असतं, प्रोटेस्टंट बायबलात नसतं) एक आई आणि तिचे सात मुलगे आहेत. धर्म सोडत नाहीत म्हणून राजा एकेकाला हालहाल करून मारतो. त्यातला एक हात पुढे करतो आणि सांगतो, हे देवाने दिलेत, त्याच्याकडूनच परत मिळतील. सात भाऊ! मला वाटतं, सदूक्यांनी कोडं घातलं तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना ते सात आठवले असणार, आणि त्यांची अशी टिंगल ऐकून रागही आला असणार. कारण पुनरुत्थान हे सांत्वन म्हणून आलेलं नाही, तक्रार म्हणून आलंय. ज्यांना अन्यायाने मारलं त्यांचा हिशोब अजून बाकी आहे, आणि तो आत्म्यांत नाही, हातापायांत चुकता झाला पाहिजे.

सदूक्यांना याची गरज नव्हती. त्यांचा हिशोब इथेच जुळत होता. जोसेफस हा त्या काळचा इतिहासकार लिहितो की त्यांचं चालायचं ते श्रीमंतांत, सामान्य लोक त्यांच्या मागे नव्हते. आपलंही तसंच आहे. फ्लॅट आहे, टर्म इन्शुरन्स आहे, आईवडिलांचं मेडिक्लेम आहे. मेल्यावर काय, यावर आपण चहा पिता पिता विनोद करू शकतो कारण मरण आपल्याला बहुतेक वेळा वयानुसार गाठतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून ज्या मुली आणि विधवा केडगावला घेऊन आली त्यांच्यापुढे हा विनोद करून बघायचा होता. ज्या तिथवर पोचल्याच नाहीत त्यांना 'शरीर म्हणजे कपडे' सांगायचं होतं.

एवढं ऐकून मित्र म्हणाला, "ठीक आहे रे, पण पुरावा?" रास्त प्रश्न. पुरावा नाहीये, निदान आपण ऑफिसात ज्याला पुरावा म्हणतो तसला नाही. साक्षी आहेत. आणि त्याही कोणाच्या? मार्कच्या सर्वात जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या, शुभवर्तमान संपतं तेच तीन बायका कबरीपासून घाबरून पळत सुटतात तिथे. पुढचं दर्शनबिर्शन त्यांत नाही. त्या काळी कोर्टात बाईची साक्ष धरू नये हेही जोसेफसनेच नोंदवलंय. कोणाला थाप मारायची असती तर त्याने साक्षीदार जरा बरे निवडले असते. यावरून सिद्ध काही होत नाही, मला मान्य आहे. लूक तर सांगतो की बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा खुद्द शिष्यांनाही ती बडबड वाटली.

पेत्र निदान उठून बघायला तरी गेला. आपले लोक फॉरवर्ड करतात.